पडद्याखालची फट

४ मार्च

किल्ली मिळाली. घर अजून आमचं झालेलं नाही. विसार दिला आहे, सही आणि बाकीचे पैसे जूनमध्ये. तोवर राहून बघा, असं दलालच म्हणाला. माणूस तोंडाचा गोड आहे. खरं तर तो गोड की कडू हे मला कळायला मार्ग नाही, कारण आमचं त्याच्याशी बोलणं भाषांतर करणाऱ्या फोनमधल्या बाईमार्फत होतं. दलाल हसत बोलला तरी तीच बोलते, टॅक्सीवाला खेकसला तरी तीच, आणि तेवढ्याच गोडीत.

किंमत ऐकून ओळखीतल्या सगळ्यांनी एकच विचारलं, ‘खोट काय आहे त्यात?’ अहो, खोट आहे म्हणूनच तर स्वस्त आहे! आपल्याकडे एवढ्या पैशात गाडी लावायची जागा मिळणार नाही. इथे दोन मजले, मागे परसू, आणि अकरा खिडक्या. तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले, आता अकराच्या अकरा माझ्या. दुकान होतं तेव्हा असं काही सुचायला उसंत नव्हती. दुकानाची इमारत पाडली, त्याचे पैसे आले, मध्ये थोडे दिवस आराम केला, आणि मग एकदा फोनवर परदेशातल्या या पडक्या घरांच्या जाहिराती दिसल्या. त्या दिवशी उठून आंघोळ केली आणि ह्यांना म्हटलं, तयारी करा.

हे चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून रोज एक चित्र आणि पाच शब्द एवढाच ह्यांचा उद्योग. दारातून आत आल्यावर एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर लांब धरून भिंतीच्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, ‘बोला की काहीतरी.’ म्हणाले, ‘उजेड छान आहे.’

६ मार्च

पाणी आलं. नळ कित्येक वर्षं बंद होता, तासभर लाल चहा ओकत राहिला, मग स्वच्छ झाला. सगळं घर धुऊन काढलं. मोरी कुठेही तुंबली नाही. बादल्यांवर बादल्या ओतल्या, पाणी कुठे गेलं ते कळलंसुद्धा नाही. जुन्या लोकांचं काम पक्कं असतं.

९ मार्च

लेकीचा फोन. तिनं कुठेतरी वाचून काढलं आहे की स्वस्त घर महाग पडतं. परक्या माणसाला वेगळा कर, सहीच्या वेळी दुभाष्या लागतो त्याची फी, वकील, छप्पर, विजेच्या नव्या तारा, दरवर्षी जाण्यायेण्याचं भाडं, आणि आपण नसताना घराकडे बघणार कोण. ‘आई, हे सगळं धरलंयस का तू?’

धरलं आहे म्हटलं. कापड बेतताना मी माया ठेवल्याशिवाय कधी कात्री लावली आहे का? शिवणीत आणि दुमडीत जास्तीचं कापड ठेवायचं, म्हणजे पुढे कमी पडलं तर उसवून सोडता येतं. पैशातही तशीच ठेवली आहे. दुकानात नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. तिच्या यादीतली एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्यासाठी माझ्याकडे कापड नाही.

‘आणि बाबा काय म्हणतात?’ बाबा काय म्हणणार! तू म्हणशील तसं, म्हणतात. लग्नापासून तेच म्हणत आले आहेत.

१५ मार्च

शेजारची पाववाली देवमाणूस आहे. तिच्या माळ्यावर हातानं फिरवायचं शिलाई मशीन पडलं होतं, ते मला आणून दिलं. तिच्या दुकानाच्या खिडकीला पडदा शिवून द्यायचा, असा सौदा ठरला. आमच्या सौद्यात फोनमधल्या बाईची गरज पडली नाही. तिनं खिडकी दाखवली, मी मशीन दाखवलं, झालं.

बाजारातून पिवळसर सुती कापड आणलं आणि खालच्या मोठ्या खोलीचा पडदा आज टांगला. छतापासून जमिनीपर्यंत. जमिनीला नुसता टेकला पाहिजे, लोळायचा नाही आणि लोंबायचा नाही, अशी माझी पद्धत. डाव्या टोकाला बोटभर फट राहिली. जुनं घर आहे, फरशी थोडी इकडेतिकडे असायचीच. त्या बाजूची दुमड उसवून बोटभर सोडली. आता समोरून बघा, खोली कशी काटकोनात दिसते! ह्याचेच तर मी पैसे घ्यायचे. गिऱ्हाइकाची खिडकी वाकडी असेल तर असेल, ती त्याला दिसता कामा नये. एक इंजिनियर होता, त्याच्या नव्या घराची एक भिंत दुसरीशी कट्टी केल्यासारखी उभी होती. माझे पडदे लागल्यावर तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही तर माझं घर सरळ केलंत.’

हे खुर्चीत बसून बघत होते. म्हटलं, ‘कसा दिसतो?’ म्हणाले, ‘तू फार छान दिसतेयस.’ मी पडद्याचं विचारत होते.

२३ मार्च

रीळ खाली पडलं की घरंगळत डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबतं. बरंच आहे, शोधायला लागत नाही.

२ एप्रिल

कापडवाल्यानं फसवलं. पडदा डाव्या बाजूला पुन्हा बोटभर वर आला आहे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं हे मला ठाऊक आहे, पण मी अजून त्याला पाणी दाखवलेलंच नाही. हवेतल्या ओलाव्यानं आटलं असणार. बाजारात जाऊन कापडवाल्याला चांगलं सुनावलं. फोनमधल्या बाईनं ते इतक्या लाडीगोडीनं सांगितलं की त्यानं मला एक रुमाल भेट दिला.

दुमडीतून आणखी बोटभर सोडलं.

ह्यांचं म्हणाल तर टेबलाच्या एका पायाखाली काड्यापेटीचं झाकण घालून झालं, आता त्यावर पुठ्ठ्याची घडी. चित्र काढताना टेबल हललेलं ह्यांना खपत नाही. म्हटलं, सुताराला बोलावू. नको म्हणाले. आणि खाटांची बाजूही बदलून घेतली. मी डाव्या कोपऱ्यात झोपत होते, तिथे म्हणे वारा येतो. स्वतः जाऊन तिथे पडले. वारा मला तरी कधी लागला नव्हता, पण म्हातारपणी माणसाला हट्ट करावासा वाटतो.

१० एप्रिल

मागचं दार घासतं आहे. पाऊस पडून गेल्यावर लाकूड फुगतं. रंधा मारून घेतला, आता ठीक.

ह्यांनी माझ्या रिळाचा दोरा कापून त्याला घराची जास्तीची किल्ली बांधली आणि डाव्या भिंतीवर खिळा ठोकून लांबलचक टांगून ठेवली. म्हटलं, हे काय? ‘किल्ली सापडत नाही ना वेळेवर.’ बरं. पण दाराजवळ टांगायची सोडून तिकडे कोपऱ्यात कशाला? शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला मी काय शिकवणार.

१९ एप्रिल

आज छपराचा गवंडी येऊन गेला. आडदांड माणूस, आवाज विहिरीतून आल्यासारखा. छप्पर माझ्या अंदाजापेक्षा स्वस्तात होतं आहे! मी लेकीला फोन करून तासभर सांगत होते. वरच्या मजल्यावर तीन खोल्या कशा करायच्या, सुट्टीत नातवंडं कुठे झोपतील, परसात काय लावायचं, गवंड्याचं आणि माझं भांडण, सगळं. मध्येच ती मुसमुसायला लागली. म्हटलं, ‘काय गं? काय झालं?’

‘काही नाही. किती बोललीस आज तू, आई.’

ही पोरगी लहानपणापासून रडवी. नाक ओढून विचारते, ‘तुमच्या इथल्या झोपायच्या खोलीतला तो जाड पडदा धुवायला काढू का? दीड वर्ष झालं, तसाच ओढलेला आहे.’ म्हटलं, राहू दे, उजेड डोळ्यांवर येतो.

मग बाबांना दे म्हणाली. हे फोन घेऊन परसात गेले आणि बराच वेळ बोलले. पाच शब्दांचा माणूस! परत आल्यावर विचारलं, तर म्हणाले, ‘तू आनंदात आहेस का, विचारत होती.’ एवढा वेळ फोन माझ्याकडे होता, मलाच विचारायचं की.

४ मे

खिडकीच्या वर भिंतीला तडा गेला आहे, नखाएवढा. जुन्या गिलाव्याला जातोच. त्यावर झालर लावली तर दिसणारही नाही.

ह्यांची चित्रांची वही टेबलावर उघडी होती म्हणून चाळली. मला वाटलं, घर काढलं असेल, रस्ता, समोरची चढण. सगळीकडे मीच. मी मशीनवर, मी शिडीवर, मी गवंड्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी, मी तोंडात टाचण्या धरून हसते आहे. घराचं एक चित्र नाही. म्हटलं, ‘अहो, एवढं सुंदर घर सोडून म्हातारी कसली काढताय?’ तर वही मिटून घेतली.

दलाल आला होता. सहीची तारीख पक्की. तो तड्याकडे बघतच नव्हता, मी मात्र त्याला मुद्दाम झालर दाखवली. खूश झाला.

१७ मे

आज लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सकाळी पडद्याखाली पुन्हा फट. दोन बोटं. खाली बसून दुमड उसवायला घेतली, तर दुमडीत कापडच नाही. सगळं सोडून झालं आहे. माझ्या हातचा पडदा, आणि दोन महिन्यांत माया संपली! तीस वर्षांत असं एकदाही झालं नाही. फीत लावून परत मोजलं, परत मोजलं. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेलं माप वेगळं, आजचं वेगळं. मग कळलं की कापड आटलेलं नव्हतं, त्या बिचाऱ्या कापडवाल्याला मी उगीच बोलले. मीच चुकीचं मोजलं होतं. एकदा नाही, तीनदा. हात गेला माझा. फीत जमिनीवर टाकली आणि तिथेच बसून राहिले. घर घ्यायला निघाले आणि एक खिडकी मोजता येत नाही. दुकान गेलं ते बरंच झालं, म्हटलं, नाहीतर गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितलं असतं. रडू फुटलं ते आवरेना.

हे खुर्चीतून उठले. माझ्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघे धरून, कसेबसे.

‘तुझं माप चुकलेलं नाही.’

‘तुम्ही माझी समजूत काढू नका.’

‘अगं, जमीन खचतेय. तू पहिल्या दिवशी बरोबर मोजलंस, दुसऱ्यांदा बरोबर मोजलंस, आजही बरोबर मोजलंस. हा कोपरा खाली चाललाय.’

उठून माझा हात धरून टेबलापाशी नेलं. टेबलाच्या पायाखाली काड्यापेटीचं झाकण, त्यावर पुठ्ठा, त्यावर फरशीचा तुकडा. मग दोऱ्याला टांगलेली किल्ली दाखवली. टांगली तेव्हा खाली भिंतीला टेकत होती म्हणाले. आता किल्ली आणि भिंतीच्या मधून माझी तीन बोटं गेली.

‘तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?’

‘भिंत वाकडी आहे हे पहिल्या दिवशी दिसलं. खाली चाललीय हे तू पडदा दुसऱ्यांदा सोडलास तेव्हा.’

मला इतका राग आला! म्हटलं, ‘आणि गप्प बसलात? पुढच्या महिन्यात सही आहे! आयुष्याची कमाई घालणार होतो आपण ह्या बिळात!’

ह्यांनी हलणारी किल्ली बोटांनी थांबवली. मग म्हणाले, ‘दुकान गेल्यावर तू दीड वर्ष भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. मी ताट आणून ठेवायचो, तसंच परत न्यायचो. इथे आल्यावर तू भिंतींशी बोलायला लागलीस. मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? पैसे गेले असते तर गेले असते. पण तुझा हात गेला असं तू म्हणालीस, ते मला ऐकवेना.’

मी वर ‘थोडे दिवस आराम केला’ असं लिहिलं आहे. ते खोडत नाही. आराम नव्हता तो.

१९ मे

गवंड्यानं मागची फरशी उचकटली. खाली पोकळी. मोरीचा नळ कधीकाळी फुटलेला आहे. घर बंद होतं तोवर पाणी नव्हतं, माती जागेवर होती. आम्ही नळ सोडला आणि मी बादल्यांवर बादल्या ओतल्या, ते सगळं पाणी माती घेऊन खाली उताराला गेलं. पाणी कुठे गेलं ते कळलं नाही, असं मी कौतुकानं लिहून ठेवलं आहे. आता कळलं.

दुरुस्त होतं का विचारलं. होतं, म्हणाला. सगळी फरशी उकरायची, नवे नळ, पायाला खालून नवीन आधार, ती भिंत पाडून परत बांधायची. आकडा फोनमधल्या बाईनं नेहमीच्या गोडीत सांगितला. तेवढ्यात अशी तीन घरं येतील.

२० मे

खोटं कशाला लिहू, तरीही मनात येत होतं की करून टाकू. कोणी नाही म्हटलं की मला जोर चढतो. दुकानाचे सगळे पैसे घातले, थोडं कर्ज काढलं, तर बसतं. आणि वरच्या खोल्यांत सकाळी जो उजेड येतो, तो मी कुठे विकत घेणार? ह्यांना विचारलं. ‘तुला हवं असेल तर करू.’ पुन्हा तेच!

दुपारी गादी उन्हात टाकायला ह्यांच्या खाटेशी गेले. खाट उचलली तेव्हा दिसलं की कोपऱ्याकडच्या दोन पायांखाली ह्यांनी विटा घातल्या आहेत, पातळ, एकावर एक. वारा बिरा काही नव्हता. कोपरा खचतो आहे हे कळल्यावर ह्यांनी मला तिथून उठवलं आणि स्वतः जाऊन झोपले. दीड महिना. आणि मी शेजारी पडून, वरच्या मजल्यावर खोल्या किती करायच्या ते मोजत होते.

कर, दुभाष्या, वकील, छप्पर, प्रवास, सगळं मी धरलं होतं. हा माणूस त्या कोपऱ्यात झोपेल हे कुठे धरलं होतं?

विटा काढल्या आणि खाट माझ्या खाटेला लावून ठेवली. संध्याकाळी म्हटलं, ‘अहो, घर नको.’

‘खरंच? नाहीतर माझ्यामुळे...’

‘तुमच्यामुळेच. आणि आता ह्यापुढे तू म्हणशील तसं म्हणालात तर बघा.’

‘बरं,’ म्हणाले. मी डोळे वटारले. तर घाईघाईनं म्हणाले, ‘मला परत जाताना खिडकीपाशी बसायचंय.’ दर वेळी मीच बसते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मागितलं काहीतरी.

२४ मे

दलालाच्या कचेरीत स्वतः गेले. फोनवरून नाही म्हणणं मला पटत नाही. विसार परत मिळणार नाही, हे तो तीनदा म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे, तो मी आधीच सोडून दिला आहे. मग त्यानं विचारलं, पण तुम्हाला घर एवढं आवडलं होतं, झालं काय? मी फरशीखालची पोकळी सांगितली. तो कागद नीट करत बसला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं हे फोनमधल्या बाईच्या आवाजावरून कळणं शक्य नाही. त्याच्या हातांवरून मात्र थोडं कळलं.

लेकीला फोन केला. आधी घाबरली, मग मी धड बोलते आहे हे ऐकून जरा सावरली. सारखं ‘बरी आहेस ना’ विचारत होती. म्हटलं, बरी आहे. विसार गेला त्याचं वाईट वाटतं, उजेड गेला त्याचं जास्त. तुझ्या बाबांचा मात्र मला अजून राग येतो आणि लगेच जातो. तो जाड पडदा काढून टाक. धुवायला नाही, कायमचा. आल्यावर मी पातळ शिवते.

२९ मे

पाववालीच्या दुकानाला पडदा शिवून दिला. तिची खिडकीही जुनीच, पण जागची हललेली नाही. तिच्या बहिणीला तसाच हवा आहे, आणि समोरच्या चांभाराला दारासाठी. म्हटलं, अगं, आम्ही परवा चाललो. तिनं मान हलवली, हाताची बोटं वळवून परत या अशी खूण केली आणि मशीन माळ्यावर न चढवता कोपऱ्यातच झाकून ठेवलं.

३१ मे

बॅगा दारात आहेत. टॅक्सी यायची आहे. दलाल म्हणाला होता, किल्ल्या घरातच ठेवून दार ओढून घ्या, दुसरं गिऱ्हाईक आठवड्यात बघायला येणार आहे. एक तरणं जोडपं म्हणे, तेही लांबून येतंय.

मी शेवटची खालच्या खोलीत गेले. पडदा खाली उतरवला. डाव्या बाजूला मी दोनदा सोडलेली दुमड परत आत घेतली, हातशिलाईनं, बारीक टाके घालून, जशी पहिल्या दिवशी शिवून तयार झाली होती तशी. तडा झाकायला लावलेली झालर काढली. पडदा पुन्हा टांगला.

आता तो उजवीकडे जमिनीला टेकतो आणि डावीकडे चांगली चार-पाच बोटं फट दिसते. दारातून पाऊल टाकताच दिसते. तीस वर्षांत असा पडदा मी कोणाच्या घरी सोडला नव्हता, पण माप अगदी बरोबर आहे.

हे माझ्या मागे उभे होते. एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर लांब धरून त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि खूश होऊन मान हलवली. मग वही काढून घराचं पहिलं चित्र काढलं, घाईघाईत, उभ्यानंच.

टॅक्सी आली. माझी किल्ली मी टेबलावर ठेवली. दुसरी दोऱ्याला टांगलेली होती, ती तशीच राहू दिली.